लेकाच्या वाटणीची भाकरी

पूर्वी तगर नगरात एक राजा राज्य करीत होता. त्याचे नाव या कथेत येत नाही, कारण ज्याच्या डोळ्यांनी ती पाहायची आहे त्याला ते ठाऊक नव्हते. त्या काळी बोधिसत्त्व कुत्र्याच्या योनीत जन्मला होता आणि वेशीजवळ घोंगड्या विणणाऱ्या एका घरी राहत होता. घरचे लोक त्याला भुऱ्या म्हणत. राजा कोण आणि अमात्य कोण हे कुत्र्याला कुठून कळणार? पण घरात पीठ किती उरले आहे, ते त्याला मडक्याचे झाकण न उघडता कळत असे.

त्या घरात वसुला नावाची म्हातारी, तिचा एकुलता एक मुलगा गोभूती, सून सामा आणि सामेची तान्ही मुलगी एवढी माणसे होती. गोभूतीने भुऱ्याला पिलू असताना ओढ्याकाठून उचलून आणले होते. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसला, की भुऱ्या खड्ड्याच्या कडेला हनुवटी टेकून पडून राही. लोकर, धाग्यांना लावायची चिंचोक्याची खळ आणि घाम, या तीन वासांचा मिळून त्याचा धनी झाला होता. पहाटे जात्याची घरघर, मग सासूची कुरकुर, मग सुनेचे न बोलणे आणि मग भाकरीचा वास, असा त्याचा दिवस उजाडत असे. सासू-सुनेचे पटत नव्हते. पण न पटण्यालाही एक रीत असते, आणि त्या रीतीत घर चालले होते.

मुलीचे बारसे झाल्यावर गोभूती घोंगड्यांची गाठोडी बैलावर लादून तांड्याबरोबर भरुकच्छ बंदराकडे निघाला. जाताना त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले, मुलीचे तळवे हुंगले आणि भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, "घर सांभाळ रे." माणसे असे काहीबाही बोलून जातात आणि विसरतात. कुत्रे विसरत नाही.

त्या मुलखात एक रीत होती. ज्या घरचे माणूस परदेशी गेले असेल, त्या घरात दिवेलागणीला त्याच्या अंगावरचे वस्त्र कुत्र्यापुढे धरीत. कुत्र्याने शेपटी हलवली तर माणूस सुखरूप आहे असे समजत. कुत्रे रडले तर जे समजायचे ते समजत. मग परदेशी गेलेल्याचे पान वाढून ते कुत्र्यापुढे ठेवीत. इथे कुत्रे जेवले म्हणजे तिकडे आपले माणूस जेवले, अशी त्यांची श्रद्धा होती.

वसुला ही रीत जिवापाड पाळीत असे. दिवा लावला की ती गोभूतीची जुनी घोंगडी भुऱ्यापुढे धरी. धन्याचा वास आला की भुऱ्याची शेपटी आपोआप हले. म्हातारीच्या सुरकुत्या तेवढ्यापुरत्या उलगडत. "जेव रे बाबा, पोटभर जेव," असे म्हणत ती दोन भाकऱ्या त्याच्यापुढे ठेवी आणि तो शेवटचा तुकडा गिळीपर्यंत समोर बसून राही.

माग बंद पडला होता, आणि वसुलेच्या सूतकताईवर घर किती दिवस चालणार? पीठ कमी होत गेले. लेकाच्या दोन भाकऱ्या मात्र कमी झाल्या नाहीत. उरल्यातली चतकोर वसुला खाई, आणि तव्यावर जे काही राहील ते सामेच्या वाट्याला येई. वसुला दुष्ट होती असे म्हणणे सोपे आहे. भुऱ्या तसे म्हणाला नसता. त्या चतकोरातलाही घास मोडून ती कधी कधी त्याच्या पानात टाकी, हे त्याने पाहिले होते. तिची सारी माया एका वाटेने वाहत होती, आणि त्या वाटेच्या टोकाला कुत्रे बसले होते.

एके दुपारी म्हातारी बाहेर गेली असता सामा मागाच्या पडवीत आली. कोपऱ्यात खळीचे मडके होते. तिने इकडे तिकडे पाहिले, मडक्यात बोटे घातली आणि ती चाटली. पुन्हा घातली, पुन्हा चाटली. झोळीत पोर रडत होते, पण त्या रडण्यात जोर नव्हता. सामेच्या अंगाचा दुधाचा वास काही दिवसांपासून विरत चालला होता. भुऱ्याच्या नाकाला ते कळले होते, पण त्याचा अर्थ आज डोळ्यांना दिसला. बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. आपल्या पोटात गेलेली प्रत्येक भाकरी कोणाची होती, हे त्याला समजले.

त्या संध्याकाळी त्याने वसुलेच्या डोळ्यांदेखत एक भाकरी खाल्ली, दुसरी तोंडात धरली आणि तो पडवीकडे गेला. कुत्री कधी कधी अन्न पुरून ठेवतात, म्हणून म्हातारीला त्यात नवल वाटले नाही. भुऱ्याने भाकरी सामेच्या पायाशी ठेवली.

"मला?" सामा हसली, पण ते हसू तोंडातच मोडले. "वेडा का रे तू? कुत्र्याच्या तोंडची भाकर खाऊ मी?"

भुऱ्या मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मग चावण्याचा आवाज आला आणि त्यातच हुंदके. त्याने मान वळवली नाही. लाज झाकायला कुत्र्यापाशी दुसरे काय असते?

त्या दिवसापासून ते रोजचेच झाले. पोराच्या रडण्यात जोर आला. भुऱ्याच्या बरगड्या मात्र दिसू लागल्या, आणि त्या वसुलेला दिसल्यावाचून कशा राहतील?

"बघ गं, कुत्रं कसं वाळलंय," ती सुनेला म्हणाली. "म्हणजे माझा लेक तिकडं उपाशी हाय. उद्यापासनं तीन भाकरी घालायच्या त्याला."

तिसरी भाकरी आली ती सामेच्या उरल्यासुरल्यातून. भुऱ्या तीही तिच्याकडेच नेऊ लागला. एकीच्या हातून निघालेली भाकरी घरातल्या घरात हिंडून तिच्याच हाती परत येत होती, आणि मधल्यामध्ये तिघे झिजत होते.

पुढे तांडा परतला. तांड्यातला हालिक नावाचा माणूस दारात आला. त्याने पाणी मागितले, पण तो बसला नाही.

"माझा लेक कुठं हाय?" वसुलेने विचारले.

"मागनं येतोय, मावशी. भरुकच्छात काम लागलंय त्याला. चांगलं चाललंय."

भुऱ्या धावत पुढे आला होता, कारण हालिकाच्या पिशवीतून धन्याचा वास येत होता. त्याने पिशवीला नाक लावले. आत गोभूतीचा करदोडा होता, आणि त्याला राखेचा वास होता. पुरुषाच्या कमरेचा करदोडा जिवंतपणी उतरत नाही. चितेवर ठेवण्याआधी तो काढतात, आणि राख सावडलेल्या हातांनीच तो घरी आणतात. हालिक तो द्यायलाच आला होता. पण म्हातारीचे तोंड पाहून त्याची जीभ वळली नाही. त्याने पिशवी काखेत घट्ट धरली आणि तो निघून गेला. त्याला दया आली आणि तो खोटे बोलला. ते खोटे निस्तरायचे काम मात्र एका मुक्या जनावरावर पडले.

दिवेलागण झाली. वसुलेने घोंगडी पुढे धरली. आज तिचा चेहरा उजळलेला होता.

बोधिसत्त्व विचारात पडला. आपण रडलो तर म्हातारीचा आधार तुटेल, पान वाढणे थांबेल आणि पडवीतल्या लेकराच्या तोंडचे दूध जाईल. शेपटी हलवली तर सारे आहे तसे चालेल. पण शेपटी ही कुत्र्याची वाणी आहे, आणि बोधिसत्त्व कोणत्याही जन्मी खोटे बोलला नाही. मग गोभूतीचे खरोखर काय उरले आहे? त्याने हवेत नाक वर केले. लोकर, खळ आणि घाम हे वास घोंगडीत विटत चालले होते. पण धन्याच्या रक्ताचा वास पडवीतल्या झोळीतून ताजा येत होता. भुऱ्या घोंगडीपासून वळला, झोळीपाशी गेला, पोराचे तळवे चाटले आणि तिथे शेपटी हलवली.

त्याने जे सांगितले ते खरे होते. ते समजायला मात्र तिथे कोणी नव्हते.

"लेकाला सोडून हिच्याकडं गेलं!" वसुला पुटपुटली. "काय चारलंस गं त्याला?"

त्या संध्याकाळी पान वाढल्यावर ती भुऱ्याच्या मागोमाग पडवीत आली. भाकरी सामेच्या हातात होती आणि घास तोंडात होता.

"माझ्या लेकाच्या तोंडचा घास!" वसुला किंचाळली. "तो तिकडं उपाशी, आन् तू हितं गिळत बसलीस?"

"दूध आटलं होतं, आत्याबाई. लेकरू तुमच्याच लेकाचं हाय."

"त्याचं असतं, तर त्याच्या पानावर डोळा ठिवला नसता. तुझ्याच पायगुणानं तो दारोदार हिंडतोय. उजाडलं की बापाच्या घरची वाट धर. तो आला म्हंजे बघू."

सकाळी चूल पेटण्याआधी सामा पोराला पोटाशी बांधून निघाली. तिचे माहेर नदीपलीकडे होते. भुऱ्या तिच्यामागे वेशीपर्यंत गेला. तिथे ती थांबली आणि वाकून त्याच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "तू मागं जा. तिच्यापाशी आता कुणी न्हाई."

भुऱ्या उभा राहिला. घर सांभाळ, असे धनी म्हणाला होता. पण आता अर्धे घर वेशीबाहेर चालले होते आणि अर्धे मागे राहिले होते. सामेने सांगितले म्हणून तो मागे फिरला. ते बरोबर झाले की चूक, हे त्या जन्मात त्याला कधीच कळले नाही.

दिवेलागणीला वसुलेने पुन्हा घोंगडी पुढे धरली. भुऱ्याने ती दातांत पकडली आणि तिच्या हातातून ओढून घेतली. फरफटत त्याने ती पडवीत नेली, रिकाम्या झोळीखाली ठेवली आणि तोंड वर करून तो रडला. इतके दिवस कोंडलेले सारे रडणे त्याने त्या एका वेळी रडून घेतले.

वसुला हातात दिवा घेऊन दारात उभी होती. तिने घोंगडीकडे पाहिले, मग झोळीकडे पाहिले.

"गेला," ती म्हणाली. मग दिवा खाली ठेवून म्हणाली, "आन् त्याचं उरलं होतं, ते म्या हाकललं."

ती वेशीकडे धावली, पण वेस बंद झाली होती. उजाडताच ती आणि भुऱ्या निघाले. आदल्या दिवसापासून वरच्या अंगाला पाऊस होता आणि नदी फुगली होती. भुऱ्या जमिनीला नाक लावून सामेच्या वासामागे घाटापर्यंत गेला. वास पाण्यात उतरला होता. नावाड्याने दोघांना पलीकडे नेले; कालपासून कोणी लेकुरवाळी नावेत बसली नव्हती, असे तो म्हणाला. भुऱ्याने तो काठ वर हुंगला, खाली हुंगला, पुन्हा वर हुंगला. तिथे वास नव्हता. माहेरीही कोणी पोहोचले नव्हते.

वसुला त्यानंतर पुष्कळ जगली. ती रोज पान वाढी, पण आता मुलाचे नव्हे, सुनेचे. "खा रे भुऱ्या, लेकुरवाळी उपाशी असंल," असे म्हणे. भुऱ्या सारी भाकरी तिथेच बसून खाई. ती कोणाकडे न्यायची राहिली नव्हती.

ही कथा विहारात जमलेल्या लोकांना सांगून, पुढे बुद्धत्व पावलेला तोच बोधिसत्त्व, म्हणजे शास्ता, म्हणाला, "त्या वेळचा हालिक म्हणजे इथे बसलेला तो भिक्षू, जो ठाऊक असलेली गोष्ट कोणाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. वसुला म्हणजे ही उपासिका कर्णिका, जी मेलेल्या मुलाच्या नावाने रोज पान वाढते. सामा म्हणजे तिची सून, जिला घरात जागा नाही आणि जी आता मागे दाराशी उभी आहे. तो कुत्रा मीच होतो. त्या जन्मी माझ्यापाशी सत्य होते आणि करुणाही होती. वाचा नव्हती. तुम्हाला वाचा आहे."

एवढे बोलून शास्त्याने त्या कथेतल्या सत्यपारमितेचे, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याच्या व्रताचे, नाव उच्चारले. कर्णिका ते ऐकायला थांबली नाही. ती उठून दाराकडे निघाली होती.