गरुडराव, जाणार कधी?

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा समुद्राला नाव ठेवायला पण कुणी आलं नव्हतं.

एक बेट होतं. बेट कसलं, चिखलच सगळा. मधोमध एकच उंच झाड आणि चिखलात बिळं करून राहणाऱ्या हजारो चिंबोऱ्या, म्हणजे खेकडेच. आणि त्यांच्या उरावर एक म्हातारी मगर. ती रोज बिळांवर पोट टाकून ऊन खायची. खाली कोण चेंगरलं ते बघायचीसुद्धा नाही.

चिंबोऱ्यांना दुसरं काही येत नव्हतं, पण चिखल उपसता यायचा. मग दर ओहोटीला प्रत्येकीने मगरीच्या खालून एकेक गोळा काढला. महिन्याभरात जमीन पोकळ झाली आणि मगरबाई पोटापर्यंत रुतल्या. आता एकदोन ओहोट्यांचं काम उरलं होतं.

तेवढ्यात समुद्रापलीकडून एक गरुड आला.

"घाबरू नका, मी मदतीला आलोय," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणी कुणाचा राजा नसतो. तुम्हीपण मोकळ्या झाल्या पाहिजेत."

चिंबोऱ्या हुरळल्या. झाडाची सगळ्यात वरची फांदी त्याला बसायला दिली. एक तोंडाळ चिंबोरी होती, तिने खालून विचारलं, "गरुडराव, जाणार कधी?"

थोरल्या चिंबोरीने पटकन तिच्या तोंडावर नांगी दाबली. "पाहुण्याला असं विचारतात का गं? काही वळण आहे की नाही तुला?"

त्या बेटावर रीतच होती तशी. आलेल्याला 'कधी जाणार' विचारायचं नाही. आपल्याकडे पण नाही विचारत. मनात कितीही असलं तरी.

"विचारू दे की," गरुड हसला. "काम झालं की उडालो."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही सगळ्या लांब थांबा. इथं लढाई होईल, उगाच लागेल कुणाला."

लांबून लढाई जोरदार दिसली. गरुडाने पंख फडफडवले, मगर कण्हली. जवळून कुणी बघितलंच नाही, नाहीतर दिसलं असतं, की गरुडाने मगरीपुढे टोपलीभर मासे ठेवले, तिला ओढून बाहेर काढलं आणि ती म्हणाली, "घे बाबा, बेट तुझं." बेट कुणाचं, ते चिंबोऱ्यांना कुणी विचारलं नाही. मगर मासे घेऊन गेली आणि गरुड घरटं बांधायला लागला.

"काम झालं ना?" तोंडाळने विचारलं. या खेपेला तिचं तोंड कुणी दाबलं नाही.

"झालं की. पण तुम्हाला असं सोडून कसं जाऊ? तुम्ही अजून आडव्या चालता. सरळ चालायला शिकलात की गेलोच."

मग शाळा सुरू झाली. रोज सकाळी रांग, रोज एकीची पाळी. सरळ चालायचं. जी नापास, ती गरुडाचं त्या दिवशीचं जेवण. पास कुणीच झालं नाही, आता चिंबोरी सरळ कशी चालणार?

एका सकाळी थोरलीची पाळी आली. रांगेतून ती तोंडाळला म्हणाली, "तुझं तोंड दाबलं ना, तिथंच चुकले मी. आता मगरीखाली जे केलं, तेच झाडाखाली करा." ती चार पावलं चालली. आडवी. मुद्दाम ऐटीत.

त्या ओहोटीपासून प्रत्येकीने झाडाच्या मुळाखालून एकेक गोळा काढायला घेतला.

"हे ढीग कसले?" गरुडाने वरून विचारलं.

"अभ्यास चाललाय, गरुडराव," तोंडाळ म्हणाली. "वाट सपाट करतोय. सरळ चालायला."

"शाब्बास!" म्हणून त्याने घरट्यात अजून चार फांद्या घातल्या. दरवर्षी घरटं मोठं, जड. खाली दरवर्षी चिखल कमी. वर्षं किती गेली आणि चिंबोऱ्या किती गेल्या, ते बेटावर कुणी मोजलं नाही. मोजायला बसलं असतं, तर गोळे कुणी काढले असते?

एका भरतीला वारा सुटला आणि झाड घरट्यासकट आडवं झालं. चिंबोऱ्यांसारखंच.

गरुड वर घिरट्या घालत ओरडला, "कृतघ्न! तुम्हाला मी माणसात आणत होतो!"

"आम्ही चिंबोऱ्याच बऱ्या," खालून तोंडाळ म्हणाली.

बसायला दुसरं झाड नव्हतं. पंख दुखले तसा तो गेला. कुठल्या तरी दुसऱ्या बेटाच्या मदतीला गेला असेल.

त्या बेटावर चिंबोऱ्या अजून आडव्याच चालतात. रीत तेवढी बदलली. पाहुणा आला की आधी पाणी देतात आणि तो घोट गिळायच्या आत सगळी पिल्लं एका सुरात विचारतात, "जाणार कधी?" कुणीही त्यांचं तोंड दाबत नाही.

बोध: फुकट मदतीला आलेल्याला आधी जायचा दिवस विचारा, मग बसायला फांदी द्या.