घाटावरून उचललेलं कापड

"आणि प्रेतावरच्या कापडाला इंग्रजीत काय म्हणतात?" भंते सुमनतिस्सांनी हातातलं चीवर उलगडत विचारलं.

"श्राउड," सुगत वाहाणे म्हणाला.

नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी सोडून तो विहारात आला होता. आज दुपारी त्याची श्रामणेर दीक्षा, भिक्खू होण्याची पहिली पायरी. डोक्याचा तुळतुळीत गोटा झाला, तरी आतली प्राध्यापकी काही उतरली नव्हती.

"म्हणजे कफनच ना?"

"आता कफन. मुळात साधे कपडे, जिवंत माणसाचे. त्याच्याही मागे, धातूचा अर्थ कापणं. कापून काढलेला तुकडा, तोच कपडा. तो शब्द प्रेतापुरता उरला फार नंतर."

"वा! मग हेही तसंच," भंते हसले. "उचललं, धुतलं, कापलं, शिवलं. घे."

सुगतने हात पुढे केला नाही. "उचललं कुठून?"

"स्मशानघाटावरून."

प्रेतावरून काढून टाकलेल्या कापडाचं चीवर शिवायचं, ही भिक्खूंची फार जुनी रीत. आता सहसा कुणी पाळत नाही. हा म्हातारा हट्टानं पाळत होता. सुगतनं ती पुस्तकात वाचली होती, वर्गात कौतुकानं सांगितलीही होती. पण अंगावर घ्यायची वेळ आली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही घेणार."

"का रे?"

"माझे पणजोबा जन्मभर मढ्यावरचं कापड नेसले. गाव दुसरं नेसूच देत नव्हतं. इंग्रजांकडे जिवंताचं कापड मढ्याला गेलं, आमच्याकडे मढ्याचं जिवंताला आलं, भंतेजी! ते अंगावरून उतरवायला आजोबांनी काठ्या खाल्ल्या. आणि मी ते हौसेनं पांघरू?"

भंतेंनी हातातल्या चीवराकडे पाहिलं.

"पणजोबांना कुणी विचारलं होतं? घेता का म्हणून?"

"त्यांना कोण विचारणार!"

"हं..."

भंते उठले. चीवर दोन्ही हातांवर धरून ते सुगतपुढे वाकले. गुरू शिष्यापुढे असा कधी वाकत नाही.

"घेता का?"

"नाही."

"घेता का?"

"नाही!"

"घेता का?"

"नाही म्हटलं ना! दीक्षा नाही मिळाली तरी चालेल!"

विहारभर आवाज घुमला. सुगतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

भंतेंनी चीवराची नीट घडी घातली. ती मांडीवर घेऊन ते खाली बसले.

"हे तीन नकार तुझ्या पणजोबांचे," ते म्हणाले. "आता तुझं सांग."