झोपवलेले चेहरे

फार फार पूर्वी, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात तुळसा नावाची मुलगी लग्न होऊन आली.

तिसऱ्या दिवशी ती जात्यावर दळत बसली होती. जात्याच्या घरघरीत आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. पण मूठ घालायला हात थांबतो, तेवढ्यात पुष्कळ ऐकू येतं. पलीकडच्या खोलीत सासूबाई थोरल्या सुनेला सांगत होत्या,

"हिची कातडी अजून जागी आहे गं. लवकर झोपवायला हवी."

तुळसाने मूठभर दाणे टाकले आणि जातं पुन्हा फिरवलं. नव्या सुनेच्या भाकरीला नावं ठेवतात, चालीला ठेवतात, माहेरच्या भांड्यांनाही ठेवतात, हे आईने सांगून पाठवलं होतं. कातडीचं काही सांगितलं नव्हतं.

तुळसा बोलायची कमी, बघायची जास्त. ती बघू लागली.

ऊन चढलं की त्या गावातली दारं एकामागून एक लागत. भर दुपारी गल्लीत चिमणीसुद्धा एकटी वाटे. चुलीपाशी बसलेल्या बायका फुंकणी हातभर लांब धरत आणि तोंड भिंतीकडे वळवून फुंकत. गावातल्या तरण्या मुलींचे चेहरे सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत आणि पांढरे होते. त्यांच्यावर तीळ दिसत नव्हता, डाग दिसत नव्हता. मुली हसत, तेव्हा ओठ तेवढे हलत, गाल जागचे ढळत नसत. आणि तिशी उलटलेल्या बायकांचे चेहरे कुणी पाहिलेच नव्हते. नाकापर्यंत पदर, वर फक्त डोळे. सासूबाईंचे तसेच, थोरल्या जावेचेही तसेच.

दिवस कलला की घरोघरी उजळवणी चाले. तरण्या मुली आणि सुना ओळीने बसत, पदरवाल्या मागे भिंतीकडे तोंड करून. मधे मातीचं बोळकं, त्यात पांढरा लेप. दोन बोटं बुडवायची आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत जाडसर थापायचा. कुणी बोलायचं नाही. लेप चढला की डोळे मिटायचे. अंधुक खोलीत ओळीने बसलेले ते पांढरे, निश्चल मुखवटे पाहून तुळसाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बोळकं तिच्यापुढे आलं. तिने वास घेतला आणि थबकली. हा वास ओळखीचा होता! लहानपणी तिच्या कोपराच्या खळगीत लाल चट्टा उठे. खाजवून खाजवून रक्त येई. तेव्हा आईने याच डोंगरावरच्या वैदीणबाईकडून हाच लेप आणला होता. आठ दिवसांत चट्टा बसला होता. आणि नवव्या दिवशी आईने बोळकं उंच फळीवर ठेवून दिलं होतं, तुळसाने कितीही मागितलं तरी खाली काढलं नव्हतं.

"लाव की गं," जाऊबाई म्हणाल्या.

"आज उपास आहे माझा," तुळसा म्हणाली. "आमच्याकडे उपासाला तोंडाला काही लावत नाहीत."

दुसऱ्या दिवशीही उपास निघाला. तिसऱ्या दिवशीही.

"तुझ्या माहेरी उपासांचीच शेती आहे का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"पीक चांगलं येतं," तुळसा म्हणाली आणि ताटं मांडायला उठली.

घरात तिची नणंद होती, बकुळी. सगळ्या गावात तिच्याइतका उजळ चेहरा कुणाचा नव्हता. पाहुणे तिला बघायला नव्हे, तिच्याकडे बघत बसायला येत. ही पोर एकदा दुपारी तुळसाच्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली,

"वहिनी, एक दाखवू? आईला सांगायचं नाही."

तिने खिडकीची फळी बोटभर सरकवली. उन्हाची एक तिरीप तिच्या गालावर पडली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. तिच्याखाली तांबड्या दोऱ्यांचं बारीक जाळं पसरलं होतं.

"आत कुणीतरी विणत बसलंय," बकुळी कुजबुजली. "एक दिवस लेप चुकला की ते जागं होतं. मग मुंग्या, मग आग. म्हणून मी आता तीनदा लावते. पण ते थांबत नाही, वहिनी. मीसुद्धा पदराआड जाणार का?"

तुळसाने फळी लावून घेतली. त्या दिवशी तिने जावेच्या पदराकडे नीट पाहिलं. वाऱ्याने तो क्षणभर हलला. आतला गाल लालभडक होता, पुटकुळ्यांनी भरलेला, आणि त्यावर बारीक काळी लव उगवली होती.

चार दिवसांनी बकुळीने घाबरून लेप एकदम सोडला. कुणाला न सांगता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा चेहरा निखाऱ्यासारखा पेटला. डोळे सुजून मिटले. घरात आरडाओरडा झाला.

"उजळवणी मोडली हिनं! चेहऱ्यातली आगजाई देवी कोपली!" सासूबाईंनी अख्खं बोळकं उचललं. "धरा गं हिला. सगळा लेप थापा, वरून कापड बांधा!"

"नको!" बकुळी किंचाळली. "आई, नको गं!"

तुळसाने सासूचं मनगट धरलं. नव्या सुनेने सासूचा हात धरल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

"आत्याबाई, हा लेप जिनं केला तिच्याकडे हिला नेते. आगजाई असली तर ती ओळखेल."

सासूबाईंनी बोळकं खाली ठेवलं आणि स्वतःची जुनी ओढणी बकुळीच्या चेहऱ्यावर घातली. "ऊन लागू देऊ नकोस पोरीला," एवढंच म्हणाल्या.

दोघी डोंगर चढल्या. वैदीणबाई झोपडीपुढे मुळ्या वाळत घालत होती. तिने तुळसाचं सगळं ऐकून घेतलं, ओढणी दूर केली, गाल पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"आगजाई बिगजाई काही नाही गं. माझाच लेप हा! तुझी पणजी माझ्या आजीकडून न्यायची कोपराच्या खाजेसाठी. चट्ट्याची लाली गेली, कातडी गोरी दिसली, म्हणून चेहऱ्याला लावायला लागलात होय? पिढ्यान् पिढ्या? आणि मला विचारायला एकजण वर आली नाही. करायची रीत तेवढी शिकलात, वापरायची इथेच विसरून गेलात."

"हा लेप वाईट आहे का?" बकुळीने विचारलं.

"कातडीत उगाच भडका उठतो ना, तो हा विझवतो. बोटाच्या शेवटच्या पेराएवढा घ्यायचा, तेवढा दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतो. चट्ट्यावरच लावायचा, पातळ, मी सांगीन तितकेच दिवस. नायट्यावर लावलात तर नायटा वरून निजतो आणि आतून पसरतो. आणि भडकाच नाही तिथे रोज रोज लावलात, तर हा कातडीच खायला घेतो. चेहऱ्याची कातडी तर मुळात नाजूक."

"मग आजपासून लावतच नाही," बकुळी म्हणाली.

"तसं करून बघितलंस ना? काय झालं? इतक्या वर्षांची सवय आहे कातडीला, एकदम तोडलीस की ती आक्रोश करते. तुझ्यासाठी मी सौम्य लेप देते. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. रोज थंड पाण्याच्या घड्या. ऊन टाळायचं. आणि दर आठ दिवसांनी मला चेहरा दाखवायचा. मधे आग होईल, रडशील, मला शिव्या देशील. दे. पण खाली जाऊन बोळक्यात बोट घालू नकोस."

आग झाली. बकुळी रडली. तिने वैदीणबाईला शिव्या दिल्या आणि तुळसालाही दिल्या. कितीदा तरी तिचं बोट बोळक्याकडे गेलं. दर वेळी तुळसा शेजारी बसून राहिली, ओली घडी बदलत. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. मग एका सकाळी बकुळी मोठ्याने हसली आणि तिचे दोन्ही गाल हलले. हनुवटीवर एक तीळ उमटला होता. तो आपलाच आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

हे पाहून गावातल्या बायका एकएक करून डोंगर चढू लागल्या. थोरली जाऊही गेली. तिच्या गालावरचे काही तांबडे दोरे मात्र कधीच गेले नाहीत. वीस वर्षं नाकावर असलेला पदर सासूबाईंनी खाली घेतला, तेव्हा आधी त्यांनी कुणालाच बघू दिलं नाही. मग एक दिवस उघड्या तोंडाने ओट्यावर जाऊन बसल्या.

आणि मग गाव संतापलं. बायका बोळकी घेऊन नदीकडे निघाल्या. "चेटूक आहे हे! बुडवा!" कुणीतरी तुळसाच्या हातातलंही बोळकं मागितलं. तिच्या कोपराचा चट्टा पुन्हा उठला होता, म्हणून वैदीणबाईला विचारून तिने ते आणलं होतं.

तुळसा वाटेत उभी राहिली. तिने बाही वर केली आणि बोटाच्या पेराएवढा लेप घेऊन सगळ्यांसमोर फक्त त्या लाल चट्ट्यावर पातळ पसरला. बोट पुसलं, बोळक्यावर झाकण ठेवलं. सासूसह सगळ्या जणी थांबून बघत राहिल्या. इतके दिवस जेमतेम दोन शब्द बोलणारी ती सून मग मोठ्याने म्हणाली,

"नदीत टाकून काय होणार, बायांनो? उद्या कुणाचं कोपर फाटलं की रडत बसाल. औषध दुखण्यापुरतंच लावावं आणि देणाऱ्याला विचारल्यावाचून लावू नये, सोडूही नये."