चार नंबरचा चाफा

"...मग त्या चाफ्यानं काय पाप केलं, भन्तेजी?"

डोमाजींनी हे विचारलं तेव्हा भन्ते उपसेन चीवराला ठिगळ लावत बसले होते. सुईत दोरा काही जाईना. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा एक डोळा बारीक केला.

"लॉनले पाणी. कन्हेरीले पाणी. लिंबांले पाणी. तो डब्बा साऱ्या बगीच्याले पाणी देते, अन् चार नंबर बंद. आज अठरा दिवस झाले, नुसता लाल दिवा."

दोरा पुन्हा हुकला.

"पानं पिवळी पडून राह्यली त्याची. भर वैशाखात! डोळ्यानं पाह्यलं जात नाई."

भन्तेंनी सुई उजेडाकडे धरली.

"एक तर तो डब्बा काढा भन्तेजी, नाई तर मले जाऊ द्या. मी बांधाबांध करूनच आलो."

दोरा सुईत गेला. भन्तेंनी गाठ मारली आणि सुई चीवराला टोचून ठेवली.

उमरेडच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, मुरमाची एक टेकडी आहे. तिच्यावर विहार आहे आणि विहाराभोवती बाग. आज बाग म्हणायची. बावीस वर्षांपूर्वी डोमाजी बागडे तिथं आले, तेव्हा एकदा चढलेली शेळीही पुन्हा त्या टेकडीकडे फिरकत नसे. डोमाजींनी खालच्या विहिरीतून कावडीनं पाणी वाहून पहिलं झाड जगवलं, ते हा पांढरा चाफा. पुढं पंप आला, पाइप आला, लॉन आलं. रोज सकाळी डोमाजी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून असा झोकदार फवारा उडवत, की वंदनेला आलेली माणसं आधी तो बघत उभी राहत. "डोमाजींची बाग," असं म्हणत. डोमाजींना ते आवडे. का आवडू नये?

पण दोन वर्षांपूर्वी विहिरीनं तळ दाखवला आणि टँकर सुरू झाले. एके दुपारी पायथ्याच्या वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्याकडेला उभ्या होत्या, आणि टँकर त्यांच्या समोरून टेकडी चढून लॉनसाठी वर आला. भन्तेंनी ते पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग वर्ध्याहून अस्मिता नावाची एक इंजिनिअर मुलगी आली. तिनं बागेचे सात भाग पाडले, प्रत्येक भागात मुळांजवळ बोटभर जाडीच्या सळ्या पुरल्या आणि भिंतीवर एक डबा बसवला. माती किती ओली आहे ते सळ्यांना कळे आणि त्या डब्याला कळवत. माती सुकली की त्या नंबरचा दिवा हिरवा आणि पाणी सुरू. ओली असली की लाल आणि पाणी बंद. झाडांना मुळाशी थेंब थेंब, लॉनला उन्हं यायच्या आत बारीक फवारा. वारा सुटला तर फवारा थांबे. एप्रिलात गारपीट झाली, त्या दिवशी सातही दिवे लाल.

काय सांगावं! निम्म्याहून कमी पाण्यात बाग हिरवीगार राहिली. टँकर बंद झाले. फाजील पाणी मिळेना म्हणून गवत माजेना. ते कापायला आठवड्याला माणसं लावावी लागत, ती आता महिन्यातून एकदा येऊ लागली. तण उपटायची मजुरी गेली, पंपाचं बिल उतरलं, कुजलेल्या रोपांच्या जागी नवी आणणं थांबलं. वाचलेल्या पैशांतून भन्तेंनी पायथ्याशी एक टाकी बांधून घेतली. विहिरीत पुन्हा पाणी राहू लागलं, आणि जे लॉनवर जायचं ते आता वस्तीच्या हंड्यांत जातं.

इतकं गुणाचं यंत्र, आणि डोमाजी त्याला पाण्यात पाहत होते. सकाळी उठून ते बागेत जात आणि पाहावं तर बागेचं सगळं आवरलेलं. पाइप गुंडाळून कोपऱ्यात पडलेला. माणसं येत, डब्याकडे बोट दाखवत, फोटो काढत. "डोमाजींची बाग" कुणी म्हणत नव्हतं.

"चल," भन्ते म्हणाले. "चाफा दाखव."

दोघं उन्हात निघाले. भन्ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण चालण्यात डोमाजींना मागं टाकत. चाफ्यापाशी पिवळ्या पानांचा सडा पडला होता.

"पाहा," डोमाजी म्हणाले. "तहानेनं मरून राह्यला."

भन्ते मूळचे कऱ्हाडकडचे. चाळीस वर्षं विदर्भात काढली, तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

"सळी कुठंय याची?"

डोमाजींनी दाखवली.

"तिच्याशेजारी हात घाल मातीत."

डोमाजींनी बोटं खुपसली. ती सहज आत गेली, मनगटापर्यंत. बाहेर काढली तर हात चिखलानं माखलेला, आणि चिखलाला आंबूस वास.

भर दुपारी, मुरमाच्या टेकडीवर... चिखल.

"अठरा दिवस पाणी बंद आहे म्हणालास."

डोमाजी चिखलाचा हात धोतराला पुसू लागले.

"मग हे कुणाचं?"

डोमाजींनी मान खाली घातली. दूर लिंबांच्या रांगेतून नळीचं थेंब थेंब पडणं ऐकू येत होतं.

"पयले चार दिवस पाह्यलं," डोमाजी हळूच म्हणाले. "दिवा लालच. माह्या जिवाले राहवलं नाई. सकाळी दोन बादल्या अन् सांजेले दोन बादल्या, म्या आणून टाकल्या. डब्बा देत नाई म्हणून..."

"पहिले चार दिवस जुनी ओल होती. पुढं तू देत होतास म्हणून डबा देत नव्हता."

डोमाजींनी वर पाहिलं.

"रोज सांगत होता तो," भन्ते म्हणाले. "दिवा लावून सांगत होता. मीही रोज पाहत होतो. म्हटलं, डोमाजी माळी आहे, आज दिवा वाचेल, उद्या वाचेल..."

आता डोमाजींचा हात आपसूक खोडाकडे गेला. इतके दिवस त्यांनी पानं पाहिली होती, दिवा पाहिला होता, खोडाला हात लावला नव्हता. बुंध्याशी अंगठा दाबला, आणि तो आत रुतला. साल ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आतून तपकिरी पाणी.

बावीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. डोमाजी तिथंच चिखलात बसले आणि लहान पोरासारखे रडले. आपल्या हातानं लावलेलं झाड आपल्याच हातानं मारलं, तेही माया करून करून. याहून वाईट काय असतं?

"म्या मारलं त्याले, भन्तेजी."

भन्ते 'नाही' म्हणाले नाहीत. 'असू दे' सुद्धा म्हणाले नाहीत. टाचा उंचावून त्यांनी वरची एक फांदी वाकवली, नखानं खरवडून पाहिली. सालीखाली ती अजून हिरवी होती. त्यांनी ती कट्कन मोडली. पांढरा चीक त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"जायचं तर जा," त्यांनी फांदी डोमाजींच्या हातात दिली. "पण एवढी जगवून जा."

डोमाजी ताडकन उठले. फांदी छातीशी धरून नळाकडे धावले. तीन पावलं गेले, चार गेले...

आणि थांबले.

तिथंच, उन्हात, पाठमोरे उभे राहिले.

शेवटी डोमाजी वळले. गालांवर चिखलाचे ओघळ, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू.

"चाफ्याची फांदी सुकवा लागते पयले," ते म्हणाले. "सावलीत ठेवाची, आठ-नऊ दिवस. मोडलेल्या जागेचा चीक वाळला पाह्यजे. पाणी लागलं का सडली."

"असं?"

"साऱ्या उमरेडले म्याच शिकवलं हे."

भन्ते विहाराकडे चालू लागले.

फांदी विहाराच्या मागच्या ओसरीत, भिंतीला टेकून उभी राहिली. डोमाजी तिच्यासमोर घोंगडी टाकून बसले. बांधाबांध केलेलं गाठोडं शेजारी होतं.

पहिला दिवस त्यांनी कसाबसा काढला. दर तासाला हात शिवशिवत. फांदी सुरकुतू लागली तशी त्यांनी बादली ओसरीबाहेर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी दोनदा नळापर्यंत जाऊन आले आणि दोन्ही वेळा हातपाय धुऊन परत फिरले. तिसऱ्या दिवशी फांदीकडे बघवेना म्हणून भिंतीवरच्या डब्याकडे बघत बसले. दुसरं करणार काय?

बघता बघता त्यांना गंमत वाटू लागली. लिंबांना हिरवा दिवा लागे तो आठवड्यातून दोनदाच, पण नेमका पानं मिटू लागायच्या आदल्या दिवशी. कडुनिंबाच्या सावलीतल्या भागाला उन्हातल्या भागाच्या निम्मंही मिळत नसे, आणि तिथलं गवत अधिक तुकतुकीत होतं. आपण त्याच भागावर पाइप सर्वांत जास्त वेळ धरायचो, कारण सावलीत उभं राहायला बरं वाटायचं, हे डोमाजींना आठवलं आणि ते एकटेच खो खो हसले.

"बेट्या," ते डब्याला म्हणाले, "तू कोणाची भीड धरत नाईस."

पाचव्या दिवशी त्यांना दिसलं की लॉनच्या एका कडेला थाळीएवढं गवत वाळतंय. दिवा तर हिरवा लागत होता. डोमाजी उठले, वाकून पाहू लागले. फवाऱ्याच्या तोंडात मुरमाचा खडा अडकला होता. डब्याला हे दिसणं शक्य नव्हतं. त्याची सळी पलीकडच्या ओल्या मातीत होती. डोमाजींनी बाभळीच्या काट्यानं खडा काढला. दुसऱ्या दिवशी सगळी तोंडं तपासली, एकेक करून. लिंबांवर अळी लागली होती, ती वेचली. बावीस वर्षांत अळी वेचायला कधी सवड झाली नव्हती. हातात सदा पाइप असायचा.

सातव्या दिवशी ते पायथ्याशी गेले. टाकीच्या तोटीवर एक म्हातारी हंडा भरत होती. भरला तशी तिनं तोटी बंद केली, दोन बोटांनी ती घट्ट बसल्याची खात्री केली आणि हंडा डोक्यावर घेतला. डोमाजी टेकडी चढून परत आले आणि त्यांनी आधी बागेतला नळ दोन बोटांनी घट्ट पिळून पाहिला.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी फांदी हातात घेतली. मोडलेली जागा करकरीत वाळली होती. अंग सुरकुतलेलं, हलकं. त्यांनी शेंड्यावर नजर टाकली. तिथं तांदळाएवढा हिरवा कोंब होता.

टेकडीच्या उतारावर, जिथं पाणी साचत नाही, तिथं त्यांनी खड्डा केला. रेती घातली, कोरडी माती घातली, फांदी उभी केली, काठी बांधली. अस्मिताला निरोप धाडला की चार नंबरची सळी इकडं हलवायची आहे, पण घाई नाही. मग ते भन्तेंकडे गेले.

भन्ते अंगण झाडत होते.

डोमाजींनी जमिनीला कपाळ टेकवून त्रिवार पंचांग वंदन केलं आणि उठून हात जोडून उभे राहिले.

"लावली, भन्तेजी. जगते. कोंब आला."

भन्तेंचा झाडू थांबला. म्हाताऱ्या डोळ्यांत इतका आनंद डोमाजींनी कधी पाहिला नव्हता.

"पण मले एक समजत नाई," डोमाजी म्हणाले. "त्या मोठ्याले म्या एवढं देल्लं, तो गेला. अन् हिले तर म्या नऊ दिवस काईच नाई देल्लं..."

भन्तेंनी झाडू भिंतीला टेकवला.

"दिलंस की. नऊ दिवस दिलेस."