यशवंताच्या इंजिनाची टकटक

घाटाच्या पायथ्याला एका गावात यशवंता नावाचा एक मोटारवाला राहायचा. त्याची मोटार जवळजवळ त्याच्याच वयाची, पण गावात चार चाकं काय ती तेवढीच. दवाखाना घाटावर. त्यामुळे कुणी आजारी पडो की अडलेली बाळंतीण असो, हाक यशवंतालाच.

यशवंता हाताचा पक्का, पण बढाईखोर. "माझी म्हातारी अख्खा घाट तिसऱ्या गिअरवर चढते," असं तो पारावर सांगून बसला. म्हातारीला ते जमेना. मग त्याने गुपचूप इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला, म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल. ओढ वाढली खरी. पण चढ लागला की आतून टकटक येऊ लागली, पत्र्याच्या डब्यात चिंचोके खुळखुळावेत तशी.

शेजारच्या सुमतीचे दिवस भरत आले होते आणि तिला दवाखान्यात न्यायचा शब्द त्याने तिच्या आईला, गोदाकाकूंना दिला होता. ऐन घाटात इंजिन बसलं तर? त्याला घास गोड लागेना.

डिस्ट्रिब्युटर पुन्हा नेमका जागेवर आणणं जमेना, म्हणून तो हसनमिस्त्रींच्या गॅरेजात गेला. मिस्त्रींनी पहिलंच विचारलं, "ठिणगीच्या टायमिंगला कुणी हात लावलाय?"

चार ओळखीची माणसं ऐकत होती. यशवंता म्हणाला, "छे, तुम्ही लावून दिलंय तसंच आहे."

मिस्त्रींनी शब्दावर विश्वास ठेवला. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, गाडी चढावर फिरवून आणली. टकटक होतीच. तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "मग पिस्टनच खराब झाला असणार. इंजिन खोलतो. आठ दिवस लागतील."

यशवंताची खरं बोलायला जीभ रेटेना. मिस्त्रींनी पहिल्या नटाला पाना लावला. एवढ्यात गोदाकाकू धापा टाकत आल्या.

"यशवंता, सुमतीला कळा सुरू झाल्यात रे. गाडी काढ."

यशवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो म्हणाला, "मिस्त्री, थांबा. डिस्ट्रिब्युटर मीच फिरवलाय."

मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि डिस्ट्रिब्युटर मागे, खुणेवर आणला. दहा मिनिटंही लागली नाहीत. "ठिणगी वेळेआधी पडली की वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा मार बसतो," ते म्हणाले. "पिस्टन धड आहे बाबा, तो मार खातोय. आता घाई न करता खालच्या गिअरवर ने."

गाडी सावकाश घाट चढली. यशवंताचा जीव मात्र दवाखाना दिसेपर्यंत मुठीत होता. संध्याकाळी सुमती सुखरूप सुटली, मुलगी झाली.

बाहेर बाकावर गोदाकाकू त्याच्याशेजारी येऊन बसल्या. हलकेच म्हणाल्या, "तीन दिवस तुला ठाऊक होतं?"

"होतं, काकू," यशवंता म्हणाला.

तात्पर्य: जो आपली चूक झाकतो, तो दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो; मग जे धड आहे तेच खोललं जातं.