पहिला तुकडा संशयाच्या दारी

रोम शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत कास्तेलफोर्नो नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या मधोमध एक दगडी भट्टी आहे, सगळ्या आळीला मिळून एकच. द्राक्षांची तोडणी संपली की गावात सण होतो. त्या दिवशी बायका आपापले गोल, जाड पाव भाजून काढतात, पण पहिला तुकडा घरात ठेवत नाहीत. वर्षभरात ज्या माणसाविषयी मनात संशय आला असेल, त्याच्या हातावर तो नेऊन ठेवतात. घेणाऱ्याने "मला का?" असं विचारायचं नसतं. त्याने तुकडा मोडायचा आणि त्यातला अर्धा देणारीलाच आधी भरवायचा.

बाहेरगावचे पाहुणे हे बघून हरखतात. काय हे प्रेम, म्हणतात. तेव्हा भट्टीच्या कट्ट्यावर बसलेली असुंता आजी त्यांना जवळ बोलावते. "प्रेम मागाहून आलं हो," ती म्हणते. "आधी विषाची भीती होती." आणि मग ती सांगू लागते.

फार जुनी गोष्ट. रोमात तेव्हा सभेचं राज्य जाऊन एका माणसाचं राज्य आलं होतं. गावाला ते म्हणे कळलंसुद्धा नाही. जात्याची घरघर तीच, विहिरीवरची भांडणं तीच, दुपारी स्नानगृहात पुरुषांच्या गप्पा त्याच. उलट लढाया थांबल्या, मुलं घरी परतली, म्हणून आयाबायांनी नव्या सम्राटाला तोंड भरून आशीर्वादच दिले. मग एक फर्मान आलं. पंगत बसली की घरच्या देवांना द्राक्षमद्याची एक धार सोडायची रीत होतीच. आता दुसरी धार सम्राटाच्या रक्षक देवतेला सोडायची. लोक म्हणाले, एक धार जास्त, त्यात काय गेलं? पण जो ती सोडणार नाही त्याची खबर देणाऱ्याला त्याच्या घरादारातला वाटा मिळतो, हे जेव्हा पसरलं, तेव्हा भट्टीवरचं बोलणं आटलं. बायका पाव भाजायला एकेकट्या येऊ लागल्या.

त्या आळीत नुमेरियस नावाचा दिवे घडवणारा कुंभार होता. त्याची बायको विबिया मोठी देवभोळी. चुलीशेजारच्या कोनाड्यात घरचे देव, त्यांना वाहिल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. तोडणीच्या सणाला तिच्या घरी दोघंच पाहुणे होते, धाकटा दीर सेक्स्तस आणि समोरच्या दारची तेर्तुल्ला. नुमेरियसने देवांची धार सोडली तशी घरातली चांगली सुरई संपली. सम्राटाच्या धारेसाठी त्याने दुसरी उघडली. तिचा वास येताच विबियाने त्याच्या पेल्यावर हात ठेवला.

"हे आंबलंय. आंबलेलं देवाला ओतायचं नाही."

तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. नासका नैवेद्य कुठली गृहिणी दाखवील? पण नुमेरियसने पेला खाली ठेवला. त्या दिवशी दुसरी धार पडलीच नाही. आंबलेली सुरई तेर्तुल्ला मागून घेऊन गेली, ऑलिव्ह मुरवायला शिरका होईल म्हणून.

दोन दिवसांत शिपाई आले आणि नुमेरियसला खालच्या शहरात घेऊन गेले. सम्राटाची धार अडवली, असा ठपका. पुढच्या पौर्णिमेला निवाडा व्हायचा होता. त्यात घर जाईल की माणूसच जाईल, कुणी सांगेना.

कुणी सांगितलं असेल? विबियाच्या डोक्यात दुसरं काही येईना. दीर रोज येऊन धीर देई. "वहिनी, परक्याला घरात घेतलंत, तिथंच चुकलं," म्हणे. तेर्तुल्लाशी तर भट्टीच्या पाळीवरून जुनी तेढ होती. आता तिची खिडकीही बंद असे. ती खोकली तरी विबियाला वाटे, आपल्यालाच ऐकवायला खोकली. आणि दीर रोज येतो तो नेमका कशासाठी, असंही एकदा मनात आलं; तिने ते झटकून टाकलं.

तिने देवांना नवस केला. धनी सुखरूप येऊ दे, जन्मभर पहिला पाव तुमचा. नवसाचा पाव भाजून, गरम तुकडा घेऊन ती कोनाड्यापाशी उभी राहिली, पण हात पुढे होईना. तिचेच शब्द तिला आठवले, असे सांगतात. आंबलेलं देवाला चालत नाही, मग हे मन कसं चालेल? त्यात नुसती तेर्तुल्लाच भरलेली. आधी ते रितं करावं, मग देवाकडे यावं.

तोच तुकडा घेऊन ती समोरच्या दारी गेली. भरदिवसा, आळीच्या देखत.

तेर्तुल्लाने दार पुरतं उघडलं नाही. तुकड्याकडे बघून म्हणाली, "आधी तू खा."

"विष घातलंय असं वाटतं तुला?"

"आणि तुला मी चुगली केली असं वाटतं ना? मग खा."

तिने तुकडा मोडला आणि अर्धा विबियाच्या तोंडाशी धरला. विबियाने खाल्ला, घास गिळला. तेर्तुल्ला तिच्या घशाकडे बघत राहिली, मग उरलेला अर्धा तिने तोंडात टाकला. खाता खाता तिला रडू आलं म्हणे.

"अगं, ती सुरई अजून आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "रोज वाटायचं, घेऊन जावं आणि सांगावं. पण तुझा चेहरा बघून वाटे, तू मलाच चुगलखोर म्हणशील, आणि साक्ष दिली तर शिपाईही मलाच धरतील. दोन्हीकडून मरायचं कशाला?"

दोघी शहरात गेल्या. अधिकाऱ्यासमोर तेर्तुल्लाने सुरई ठेवली, आपल्या देखत घडलं ते सांगितलं आणि पेला भरून पुढे केला. म्हणाली, "हे सम्राटाला वाहायचं होतं का, ते आपणच चाखून सांगा." एका घोटातच अधिकाऱ्याचं तोंड वाकडं झालं. असली धार सोडणं हाच अपमान झाला असता, हे त्याला कबूल करावं लागलं. नुमेरियस घरी आला.

खबर कुणी दिली ते मात्र कधीच कळलं नाही. पुढच्या तोडणीला विबियाने पहिला तुकडा दिरासमोर धरला. तो हसला, "मला का?" म्हणाला, आणि तुकडा तसाच ठेवून उठून गेला. कुणी म्हणतं तो रागावला, कुणी म्हणतं घाबरला. विबिया मात्र दर वर्षी त्याचा तुकडा काढून ठेवी. एखादे वर्षी येईल, म्हणे.

आजही सणाच्या दिवशी भट्टीच्या कट्ट्यावर तो एक तुकडा झाकून ठेवलेला असतो. बाकीचे गल्लीभर फिरतात. यंदा असुंता आजीची सूनच आजीपुढे तुकडा घेऊन उभी राहिली. पाहुणे बघत होते. आजीने काही विचारलं नाही. तुकडा मोडला, अर्धा सुनेला भरवला आणि ती गिळेपर्यंत आजी तिच्या घशाकडे बघत राहिली. मग उरलेला आपण खाल्ला, गरम होता तोवर.