तळ्याकाठचा कोरा दगड

सोनदऱ्याच्या तळ्याकाठी कमरेइतका दगड उभा आहे. त्यावर एकही अक्षर नाही. तरी गावकीत कोणाचाही निवाडा करायचा असला, की पंच आधी अनवाणी येऊन त्यावर बोट फिरवतात आणि तो वाचतात. हे कसे सुरू झाले, ते जुनी माणसे जरा खाली बघूनच सांगतात.

फार पूर्वी इथल्या देशमुखाने हुकूम काढला, म्हणे: तळ्याचे पाणी फक्त देशमुखांच्या बागेला. तरी ठकू परटीण धुणे घेऊन तळ्यात उतरली. तिला धरून तळ्याकाठीच न्यायाला बसलेल्या न्यायाधीश अनंतशास्त्र्यांपुढे आणले. शास्त्री काशीहून शिकून आलेले. विद्या अफाट, पण जीव घाबरा.

"हुकूम मोडलास?"

"मोडला की. पर हुकूमच खोटा आसंल तर?"

"मोडला की नाही, एवढंच मी बघायचं. हुकूम बरा की वाईट, हे माझं काम नव्हे."

"मग कुनाचं, शास्त्रीबुवा? माझ्या गाढवाचं?" लोक हसले. ठकू हसली नाही. "तळं बांधनाऱ्या राजानं दगडावर काय लिवलंय, ते वाचा. गावात तुमालाच येतंय."

शास्त्री वाकले. अक्षरे लख्ख होती: हे पाणी सर्वांचे. जो अडवील, त्याचा शब्द या गावी चालणार नाही. पाठीमागे देशमुख उभा होता.

"झिजलंय," ते म्हणाले. "वाचता येत नाही."

ठकूला डोक्यावर धोंडा देऊन उन्हात उभे केले. संध्याकाळी सोडतीलच, अशी शास्त्री मनाची समजूत घालत राहिले. दुपार कलायच्या आत ती कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

दुसऱ्या सकाळी सात बायका घागरी घेऊन तळ्यात उतरल्या. त्यांना पुढे आणले तेव्हा शास्त्री उठले, दगडापाशी गेले आणि सारे गाव ऐकेल असे वाचले. मग म्हणाले, "हा हुकूम इथे चालणार नाही."

"काल दिसत नव्हतं?" देशमुखाने विचारले.

"कालही दिसत होतं."

देशमुखाने त्याच दिवशी छिन्नीने अक्षरे उडवली. पण तोवर ती गावाला पाठ झाली होती. शास्त्री पुढे वीस वर्षे न्यायाला बसले, पण परटांच्या घरातून त्यांना कोणी कधी नमस्कार केला नाही, असे सांगतात.

आजही पंचांचे बोट कोऱ्या दगडावर टेकले, की परटाघरची एक बाई पुढे येऊन विचारते, "वाचता येतंय का?" पंचांनी "येतंय" म्हटल्याशिवाय निवाडा सुरू होत नाही. ते म्हणतात तेव्हा ती दगडाकडे बघत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघते.